कोऱ्या कागदावरचे अंगठे

मेहरूण, जळगाव
गुरुवार, १२ जून २०२५

नूतन,

परवा मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या हातातली फॉर्मची पिशवी घेतलीस आणि म्हणालीस, "एवढ्या उन्हात पिशवी द्यायला कुणी स्वतः येतं का?" त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. तू पाण्याचा ग्लास पुढे केलास, मी तो एका दमात संपवला आणि 'थँक्यू' म्हणायच्या ऐवजी 'हो' म्हणालो. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मॅडम वगैरे लिहिणार नाही, आधीच सांगतो. फोन करणार नव्हतोच, कारण तुझा फोन घरी तुझे भाऊ, चंदनभाऊ, रोज तपासतात हे तुमच्या बन्सीलाल शिपायानं मला सांगितलं. पण दर गुरुवारी इथून एसटी पार्सलनं निघणारी पिशवी तू एकटीच उघडतेस आणि शनिवारी तूच ती परत भरतेस. तर हे पत्र फॉर्मच्या खाली असेल. उत्तर द्यायचं असेल तर तसंच ठेव.

माझ्याबद्दल ऐकलं असशीलच. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं. सरांनी भर वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली, मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर आलो तो आलोच. आता इथे प्रेमराजभाऊंच्या हाताखाली गावोगाव पेशंटच्या बैठका घेतो. तू तिकडे कॉम्प्युटरवर अ‍ॅपचे स्क्रीन काढतेस, मी इकडे ते कागदावर छापून म्हाताऱ्या माणसांना दाखवतो आणि विचारतो, कळलं का. भिंतीवर बॅनर असतो: 'तुमचं म्हणणं, तुमचं अ‍ॅप.'

मंगळवारची बैठक धरणगावच्या पुढच्या गावात होती. साखरेचे अकरा पेशंट, सगळे इन्सुलिनवाले. मी नेहमीसारखं सांगितलं की सकाळी साडेसातला फोन वाजेल, 'इन्सुलिन घेतलं का' विचारेल, 'हो' नाही तर 'नाही' दाबायचं, आणि 'हो' दाबेपर्यंत दर दहा मिनिटांनी तो वाजतच राहील. त्यावर एक झुंबरबाई म्हणून आहेत, कपाळभर कुंकू, त्या म्हणाल्या, "कानबाईना दिन देवीले रोट चढेपावत आम्ही काही खातस नही. त्या दिनले हाई वाजी ते काय दाबानं?" बाकीच्या बाया इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. शेजारची म्हणते, "कानबाईलेच इचार, ती दाबी दी." मी म्हटलं, बघू अक्का, पुढच्या वेळी.

खरं सांगू का, मला दोनची बस पकडायची होती. ती चुकली तर तुझं ऑफिस बंद. म्हणून अंगठे आणि सह्या बैठकीच्या आधीच कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवल्या होत्या. फॉर्म बसमध्ये, पारोळ्याच्या पुढे, गुडघ्यावर भरला. अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे. रागावू नकोस.

हितेंद्र

•

धुळे
शनिवार, १४ जून

श्री. हितेंद्र यांस,

मला 'तू' म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि ऑफिसातही आधीची आहे.

पत्र बन्सीलालभाऊंच्या हाती लागता लागता राहिलं. पिशवी त्यांनीच उघडली होती. मी म्हटलं, थांबा, यादी मी करते. पुढच्या वेळी पाकिटावर 'जुने फॉर्म' लिहा.

आता कामाचं. मंगळवारच्या फॉर्मवर 'सर्वांना समजले, हरकत नाही' एवढंच आहे. असं चालत नाही. पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. मी त्या फॉर्मवरूनच स्क्रीन बदलते. माझ्यासमोर माणसं नसतात, तुमचे कागद असतात. अकरा माणसं दीड तास बसली आणि एकही काही बोललं नाही, असं होईल का? कानबाईवाल्या अक्कांचं वाचून मलाही हसू आलं, पण ते पत्रात आहे, फॉर्मवर नाही. दुसरा फॉर्म नीट भरून पाठवा.

पाणी मी सगळ्यांनाच देते.

नूतन

ता. क. ते 'हो' माझ्या लक्षात आलं होतं.

•

मेहरूण
गुरुवार, २६ जून

नूतन,

तुझी ताजा कलमची एक ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. बाकीचं पत्र मेमोसारखं आहे.

फॉर्मचं मनावर घेऊ नकोस. दुसरा भरायचा तर पुन्हा त्या गावात जाऊन अकरा अंगठे घ्यायला हवेत, आणि प्रेमराजभाऊ सोडत नाहीत. त्यांच्याशी काल वाजलं. म्हणतात, तुझ्या बैठका लवकर उरकतात, सगळ्यांनी तुझ्याकडून शिकावं. मी म्हटलं, टोमणा मारताय का? ते म्हणाले, नाही रे, खरंच. मग मला आणखीनच राग आला, का ते कळत नाही.

आणि त्या बाया काय बोलतात, तू ऐकलंच नाहीस म्हणून तुला वाटतं. कुणाला फोनचा रंग आवडत नाही, कुणी म्हणतं आतला बाईचा आवाज पुण्याचा आहे. हे सगळं लिहीत बसलो तर तुझं अ‍ॅप दोन वर्षांनी निघेल.

रविवारी मी धुळ्याला येतो. देवपूरच्या पुलाजवळ पाच वाजता. येशील का, एवढंच लिही. 'हो' नाही तर 'नाही'.

हितेंद्र

•

धुळे
शनिवार, १९ जुलै

हितेंद्र,

त्या रविवारी मी येऊ शकले नाही. तू साडेसातपर्यंत पुलावर होतास, हे बन्सीलालभाऊंकडून कळलं. ते तिथे भाजी घ्यायला जातात. त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, पण आता ते माझ्याकडे बघून हसतात आणि मला ते आवडत नाही.

घरी नाशिकचं स्थळ आलं होतं. बघून गेले. काही ठरलेलं नाही. चंदन म्हणतो, नोकरी लग्नापर्यंतच. मी त्याला म्हटलं, माझे स्क्रीन लोकांच्या हातात पोचू दे, मग बोल. तो म्हणाला, कसले स्क्रीन.

मंगळवारी ते पोचले. सगळ्या अकरा गावांत अ‍ॅप सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच ठेवलं आहे, 'हो' दाबेपर्यंत वाजत राहतं आणि तीनदा 'नाही' झालं की आमच्या इथून फोन जातो. दुसरा फॉर्म तू पाठवला नाहीसच. मीही पुन्हा मागितला नाही. का नाही मागितला, त्याचा विचार करते आहे.

'तू' म्हणते आहे, लक्षात घे.

नूतन

•

मेहरूण
गुरुवार, ७ ऑगस्ट

नूतन,

झुंबरबाई मंगळवारी गेल्या. जळगावच्या दवाखान्यात, पहाटे. बातमी तुमच्याकडे पोचली असेल, पण काय झालं ते कुणी सांगितलं नसेल. मी काल गावात गेलो होतो. शेजारच्या मंदाबाईंनी सगळं सांगितलं, त्या दिवसभर त्यांच्याच घरात होत्या. तसंच्या तसं लिहितो.

रविवारी कानबाई बसली. घरचा गोतावळा मोठा, सुरतेहून दीर-जावा यायच्या होत्या. नैवेद्याचे रोट घरच्या सगळ्या भाऊबंदांसमोर चढवायचे असतात, त्याआधी बाई तोंडात काही घालत नाही. साडेसातला फोन वाजला. झुंबरबाईंना वाचता येत नाही, फोन सून मयुरी बघते. त्या म्हणाल्या, 'नही' दाब. तिनं दाबलं. दहा मिनिटांनी परत वाजला. परत 'नाही'. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा देवीसमोर पाट मांडत होते. मयुरी म्हणाली, आता 'नाही' दाबलं तर डॉक्टरांकडून फोन येतो, आत्या. झुंबरबाई म्हणाल्या, डाक्टर रागे भरी, भर सुई. तिनं नेहमीएवढं भरून दिलं, त्यांनी टोचून घेतलं, मयुरीनं 'हो' दाबलं. फोन गप्प झाला.

सुरतेची गाडी दोन तास उशिरा आली. अकराच्या सुमारास झुंबरबाईंना घाम सुटला. अंग थरथरायला लागलं, मान डोलायला लागली, बोलणं तुटक, न कळणारं. बाया म्हणाल्या, कानबाई अंगात आली.

मळवट भरला. पाया पडले. मंदाबाईंनी स्वतः ओटीत नारळ घालून विचारलं, मन्ही पोरले कधी व्हई लेकरू? त्या काहीतरी पुटपुटल्या, मंदाबाईंना वाटलं 'पुढच्या साली' म्हणाल्या. दीड तास बाया गात होत्या. चुलीजवळ परातभर रोट, गुळाची खीर, पुरण. हाताच्या अंतरावर. नैवेद्य व्हायचा होता म्हणून कुणी शिवलं नाही. साखर उतरली होती, एक चमचा खीर तोंडात गेली असती तर. मग त्या कोसळल्या. आधी सगळे म्हणाले, देवी गेली, आता उठतील.

भटू, त्यांचा मुलगा, केळीच्या गाडीबरोबर बाहेर होता. तो आला तेव्हा लोक म्हणत होते, सुई सुनेनं भरली. विसर्जनाच्या दिवशी मयुरीचा बाप भुसावळहून येऊन तिला घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे, भटूनं सांगितलं, घेऊन जा.

मंदाबाई मला म्हणाल्या, "तुले तिनी इचारेल व्हतं ना रे भाऊ?" मी त्यांना म्हटलं, उशीर होतोय, बस आहे.

नूतन, ते वाक्य फॉर्मवर नाही. फक्त तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. तुझ्याकडे.

हितेंद्र

•

धुळे
शनिवार, ९ ऑगस्ट

हितेंद्र,

ते पत्र आता नाही. तुझं काल मिळालं आणि मी तेच पहिल्यांदा केलं. बारीक तुकडे केले. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

इथे अहवाल लिहून झाला आहे. मीच टाइप केला. 'रुग्णाने उपाशीपोटी इंजेक्शन घेतले. कुटुंबाने जेवणाबाबतची सूचना पाळली नाही. सदर रुग्ण दि. १० जूनच्या बैठकीस उपस्थित होते, त्यांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही, अंगठा सोबत.' टाइप करताना हात थांबला नाही, एवढं तुला सांगते. शेवटी 'अंगठा सोबत' लिहून मी उठले आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिले.

पत्र दाखवलं असतं तर लोकांनी आधी काय वाचलं असतं? पाच वाजून वीस मिनिटं. पाण्याचा ग्लास. चंदननं मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि दुसरं म्हणजे, मी ते वाक्य जूनमध्येच वाचलं होतं. मीपण हसले. मला एक बटण वाढवायला अर्धा दिवस लागला असता. 'आज उपास.' दोन अक्षरं आणि तीन अक्षरं. फॉर्मवर नाही म्हणून मी नाही वाढवलं, आणि फॉर्मवर नाही हे मला माहीत होतं.

१९ तारखेला प्रेमराजभाऊ गावात बैठक घेणार आहेत. अहवाल वाचून दाखवायचा, पेशंटचा विश्वास परत मिळवायचा. तू गप्प बस. तुझ्याकडे एकही कागद नाही, ते तुलाच खोटं पाडतील. मयुरीचं वाईट वाटतं. पण नोंद नाही.

यापुढे पिशवीत काही ठेवू नकोस.

नूतन

•

जळगाव
बुधवार, २० ऑगस्ट

नूतन,

हे पोस्टानं पाठवतो, ऑफिसच्या पत्त्यावर. पाकिटावर 'जुने फॉर्म' लिहिलेलं नाही. पण यात तुला त्रास होईल असं काही नाही. तुझं नाव मी कुठेही घेतलं नाही.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस तुझ्यावर इतका राग होता की धुळ्याला येऊन ऑफिसची काच फोडावी असं वाटलं. तू पत्र फाडलंस म्हणून नाही. मला वाटलं होतं तू ते जपून ठेवलं असशील, दुसऱ्या कारणासाठी. मग राग उतरला आणि उरलं ते असं की झुंबरबाईंचं बोलणं अख्ख्या दुनियेत एका प्रेमपत्रात होतं आणि तेही मीच तिथे ठेवलं होतं.

काल बैठक झाली. ग्रामपंचायतीच्या हॉलात, तोच बॅनर. प्रेमराजभाऊ आणि दोन डॉक्टर खुर्च्यांवर, पेशंट सतरंजीवर. दहा जण. भटू भिंतीला टेकून उभा, मुंडण केलेलं. भाऊंनी अहवाल वाचला आणि 'अंगठा सोबत' आलं तेव्हा फॉर्म वर धरून सगळ्यांना दाखवला. भटू पुढे आला. आईच्या अंगठ्याकडे वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हाऊ मन्ही मायनाच शे." आणि परत भिंतीपाशी गेला.

मी उठलो.

"हितेंद्र, बस. तुझं नंतर घेऊ."

"नंतर नाही, भाऊ. त्या बोलल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, कानबाईच्या दिवशी काय दाबायचं."

"नोंद कुठंय?"

"नोंद नाही. मी केली नाही. अंगठे बैठकीच्या आधी घेतले. कागद कोरा होता."

एक डॉक्टर पेनचं टोपण लावत होते, ते तसेच थांबले. प्रेमराजभाऊ हळू आवाजात म्हणाले, "अरे, काय बोलतोस कळतंय का? सही तुझी आहे." मी म्हटलं, हो, माझीच आहे.

भटूनं मला विचारलं, "आधी कसाले लिधात अंगठा?"

"बस पकडायची होती."

"कोनती बस?"

"दोनची. धुळ्याची."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे मन्ही मायनी इचारेल व्हतं."

"इचारेल व्हतं," मंदाबाई खालून म्हणाल्या. "मी तिन्हा बाजूमाच बशेल व्हतू. मीच हासनू. कानबाईलेच इचार, मीच म्हनेल शे." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "आम्ही बठ्ठ्या व्हतूत. आम्हले कोनी इचारंच नही."

नूतन, तू म्हणालीस नोंद नाही. मीही तेच धरून बसलो होतो. दहा माणसं होती. दोन महिने तिथेच राहत होती, तीच गल्ली, तेच घर. अहवाल लिहिताना एकाही माणसानं त्यांच्या दारात जाऊन विचारलं नाही. मी तर गेलो होतो, मला मंदाबाईंनी तोंडावर सांगितलं, आणि मी बसचं कारण काढलं.

मग पुना म्हणून म्हातारे आहेत, ते म्हणाले, मीपण तेव्हा सांगितलं होतं, मले आवाज ऐकू येत नही. ते खरं आहे, सांगितलं होतं. दुसऱ्या एकीनं सांगितलं, फोन दिवसभर मुलाकडे शेतात असतो, 'हो' तोच दाबतो. एका मागून एक बोलायला लागले. प्रेमराजभाऊ म्हणाले, एकेकानं, एकेकानं, आणि पिशवीत कोरे फॉर्म शोधायला लागले. फॉर्म माझ्याकडे होते. मी गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, पेनही ठेवलं. भाऊ सवयीनं म्हणाले, "हं, लिही." मी म्हटलं, मी नाही लिहिणार. माझ्या हातचं कुणी खरं का मानावं?

मंदाबाई भटूला म्हणाल्या, "सूनले लई ये, भटू. पोरनी काय चूक शे." तो आणील की नाही, मला माहीत नाही. हे तुला गोड करून सांगणार नाही. त्याचा चेहरा मयुरीचा विचार करणाऱ्याचा नव्हता. त्याला नुकतंच कळलं होतं की आई सावध होती, तिनं धोका ओळखला होता, विचारलंही होतं, आणि हसण्यात गेलं.

शेवटी तो माझ्याजवळ आला. अगदी जवळ. म्हणाला, "तू आते जाय, भाऊ. आठे थांबू नको." आवाज चढवला नाही. मी प्रेमराजभाऊंकडे पाहिलं. ते डॉक्टरांशी बोलत होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते. मंदाबाई फॉर्म घेऊन बसलेल्या आमच्याकडच्या दुसऱ्या पोराला सांगत होत्या, मी सांगस तसंच लिख, मन्हा शब्द बदलू नको.

तुझ्यासाठी काही लिहायचं होतं. नाशिकचं विचारायचं होतं. आता ते या कागदावर नको.

मी चपला घातल्या. आत झुंबरबाईंचं वाक्य कुणीतरी पहिल्यापासून सांगत होतं. मी बाहेर आलो आणि हॉलचं दार ओढून लावून घेतलं.

हितेंद्र